आईबापांचें पूर्ववृत्त

आत्मचरित्र लिहावयास बसलेल्या मनुष्यासमोर दोन प्रकारचे वाचक असतात. एक वाचक अनोळखी असतो. पुस्तक विकत घेऊन तो तें वाचतो, आवडलें तर दुसऱ्याला देतो, न आवडलें तर फळीवर ठेवून देतो. लेखकानें एखादी गोष्ट लपविली तरी त्याचें कांहीं जात नाहीं. दुसरा वाचक घरांतला असतो. तो लेखकाचा मुलगा असेल, मुलगी असेल, कदाचित् नातवंड असेल. त्याला लेखकाचें नांव लावावें लागतें, त्याच्या लौकिकावर किंवा दुर्लौकिकावर जगावें लागतें, आणि पुस्तकांत जें सांगितलें आहे त्याहून जें गाळलें आहे तें त्याच्या अधिक लवकर ध्यानांत येतें. आपल्या पूर्वायुष्यांतील चुका मुलांना सांगाव्या किंवा नाहीं, सांगावयाच्या तर कोणत्या आणि केव्हां, हा प्रश्न प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां उभा राहतो. बहुतेक आईबाप त्याचें उत्तर मौनानें देतात. ज्यांनीं तें लेखणीनें दिलें त्यांचा इतिहास उद्बोधक आहे.

महाराष्ट्रांत पूर्वीं आत्मचरित्र लिहिण्याची चाल फारशी नव्हती. बखरकार लिहीत तो धन्याचा पराक्रम. वतनदार करीना लिहवून घेत तो आपला हक्क शाबीत व्हावा म्हणून. करीन्यांत घराण्याचा पूर्वेतिहास येई, पण दाव्याला बाध आणणारी गोष्ट त्यांत कोण घालणार? स्वतःचा दोष कबूल करावयाचा तो देवासमोर, ही आपल्याकडील परंपरा. संतांनीं ती उत्तम प्रकारें पाळली. सतराव्या शतकांतील संत बहिणाबाई यांनीं आपल्या अभंगांतून बालपण, पतीकडून झालेला जाच, तुकोबांवरील निष्ठा हें सर्व संकोच न करितां सांगितलें आहे. आणि एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अंतकाळ जवळ आला तेव्हां त्यांनीं आपला मुलगा विठोबा यास जवळ बसवून आपल्या मागील बारा जन्मांची हकीकत सांगितली. पूर्वजन्माच्या कल्पनेवर कोणाचा विश्वास असो वा नसो, जातांना मुलाच्या हातीं आपली हकीकत द्यावी, ही आईची इच्छा त्या प्रसंगांत स्पष्ट दिसते.

पुढें अठराव्या शतकांत नाना फडणवीसांनीं लिहिलेलें त्रोटक आत्मवृत्त हें मराठींतील एक दुर्मिळ उदाहरण होय. नानांचा जन्म १७४२ सालचा. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतचा संग्राम झाला तेव्हां ते एकोणीस वर्षांचेही नव्हते. त्या रणांतून ते स्वतः वांचून आले, पण बरोबर असलेली त्यांची आई नाहींशी झाली. ज्यांच्या बुद्धिमत्तेची पुढें इंग्रज मुत्सद्द्यांनीं धास्ती घेतली, त्या पुरुषानें या लेखांत आपल्या तारुण्यांतील कामविकार आणि त्याच्याशीं झालेली आपली झटापट हीं मोकळेपणानें नमूद केलीं आहेत. राजकारणांत ज्याचें मन कोणाला कळलें नाहीं, त्यानें कागदावर मात्र तें थोडें उघडें केलें. परंतु नानांच्या मागें त्यांचें अपत्य उरलें नाहीं. त्यामुळें ही कबुली ऐकून कोणा मुलानें काय म्हटलें असतें, हा प्रश्नच उद्भवला नाहीं.

तो प्रश्न फार तीव्र रूपानें उद्भवतो तो युरोपांत, फ्रेंच भाषेंत लिहिणाऱ्या रूसोच्या बाबतींत. १७६२ सालीं त्याचा 'एमिल' हा शिक्षणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आईनें मूल स्वतः अंगावर पाजावें, बापानें त्याच्या शिक्षणाचा भार स्वतः वाहावा, हा उपदेश त्या ग्रंथानें मोठमोठ्या घराण्यांत नेऊन पोंचविला. पण हा उपदेश करणाऱ्या रूसोनें आपलीं पांचही मुलें जन्मतांच पॅरिस येथील अनाथ अर्भकालयांत धाडलीं होतीं. १७६४ सालीं व्हॉल्टेअरनें एका निनांवी पत्रकांतून ही गोष्ट चव्हाट्यावर मांडली. रूसोच्या 'कन्फेशन्स' या आत्मचरित्रांत तिची कबुली आहे. गरिबी, लोकलज्जा, मुलांना चांगलें वळण लागावें ही इच्छा, अशीं अनेक कारणें त्यानें दिलीं आहेत. प्लेटोच्या आदर्श नगरीचाही आधार घेतला आहे. पहिल्या मुलाच्या दुपट्यांत एक खुणेची चिठ्ठी ठेवली होती. पुढें १७६१ सालीं लक्झेंबुर्ग घराण्यांतील एका थोर स्त्रीनें त्या खुणेवरून मुलाचा तपास करविला, परंतु तो लागला नाहीं.

रूसोचें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर छापलें गेलें. पूर्वार्ध १७८२ सालीं, उत्तरार्ध १७८९ सालीं. जगाच्या वाङ्मयांत त्याचें स्थान मोठें आहे, आणि मनुष्यानें स्वतःकडे कसें पाहावें हें त्यानें पुष्कळांना शिकविलें. तथापि घरांतल्या वाचकाच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यांतील उणीव झांकत नाहीं. ज्या पांच जीवांचा अपराध घडला, त्यांच्यापैकीं एकालाही हें वाचतां येण्याचा संभव उरला नव्हता. त्यांनीं उलट विचारावें, रागवावें, नाकारावें, असा कांहीं मार्गच नव्हता. कबुली जगापुढें झाली, आणि क्षमा मागावयाची तीही जगाकडेच मागितली गेली. अपराधाचें ओझें उतरविण्याचा हा सोपा मार्ग आहे, कारण ज्याचें देणें लागतें तो सोडून इतर सर्वांना हिशेब दाखविला जातो.

याच्या उलट अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिनचा प्रकार. १७७१ सालच्या उन्हाळ्यांत, पासष्ट वर्षांचा असतांना, इंग्लंडमधील ट्वायफर्ड या गांवीं एका बिशप मित्राच्या घरीं राहून त्यानें आपलें चरित्र लिहावयास घेतलें. त्याचा आरंभच मुलाला उद्देशून आहे. हा मुलगा विल्यम त्या वेळीं न्यू जर्सी प्रांताचा गव्हर्नर होता. फ्रँकलिन धंद्यानें मुद्रक, म्हणून आयुष्यांतील चुकांना त्यानें नांवही छापखान्यांतलेंच दिलें: शुद्धिपत्रांत घालावयाचे दोष. भावाच्या छापखान्यांतील उमेदवारीचा करार मोडून तो पळाला, एकानें विश्वासानें सोंपविलेला पैसा त्यानें खर्च केला, लंडनला गेल्यावर आपल्या वाग्दत्त वधूला एक पत्र धाडून तिला विसरला. हे दोष त्यानें एकेक करून नोंदले आहेत आणि त्यांतील कोणते पुढें सुधारतां आले तेंही सांगितलें आहे. बापानें मुलाला आपलें पूर्वायुष्य कसें सांगावें याचा हा नमुना म्हणून अनेक पिढ्यांनीं तें वाचलें.

पण या शुद्धिपत्रांत एक ओळ नाहीं. विल्यम हा फ्रँकलिनचा विवाहबाह्य मुलगा. त्याची आई कोण हें फ्रँकलिननें कोठेंही प्रकट केलें नाहीं, आणि ज्या मुलासाठीं पुस्तक लिहावयास घेतलें त्याच्या जन्माविषयीं त्या पुस्तकांत अक्षर नाहीं. कदाचित् त्या स्त्रीची अब्रू राखण्यासाठीं हें मौन पाळलें असेल. तसें असेल तर तें सर्वस्वी निंद्य म्हणतां येत नाहीं. परंतु मुलाच्या बाजूनें पाहतां, बापाचे इतर सर्व दोष त्याला कळले, फक्त त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा ज्याच्याशीं संबंध होता तेवढी गोष्ट कळली नाहीं. पुढें विल्यमलाही लंडनमध्यें असाच एक विवाहबाह्य मुलगा झाला, आणि त्यालाही बरींच वर्षें आपल्या घराण्याचें नांव न लावतां वाढावें लागलें. एका पिढीचें मौन दुसऱ्या पिढीनें जसेंच्या तसें उचललें.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत बाप स्वातंत्र्याच्या पक्षाला आणि मुलगा इंग्लंडच्या राजाच्या पक्षाला मिळाला. १७७६ सालीं विल्यमला कैद झाली. १७८४ सालीं त्यानें समेटाचें पत्र पाठविलें. बापानें उत्तर दिलें, पण मनांतील सल लपविला नाहीं. दुसऱ्या वर्षीं साउदॅम्प्टन बंदरांत दोघांची एकदां भेट झाली, ती शेवटची. चरित्राचा पुढील भाग फ्रँकलिननें १७८४ पासून लिहिला तेव्हां तो मुलाला उद्देशून राहिला नव्हता. या दुराव्याचें कारण राजकारण होतें, चरित्रांतील उणीव नव्हे. तरीही इतकें दिसतेंच कीं, सोयीच्या तेवढ्या चुका सांगितल्यानें बाप आणि मुलगा यांच्यामध्यें विश्वास बसतोच असें नाहीं.

बाप आणि मुलगा यांच्यांतील कबुलीजबाबाचें याहून निराळें उदाहरण हिंदुस्थानांत सांपडतें. महात्मा गांधींचें आत्मचरित्र १९२५ पासून 'नवजीवन' साप्ताहिकांत गुजरातींतून क्रमशः येऊं लागलें आणि १९२७ व १९२९ या सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झालें. त्यांतील पंधराव्या वर्षींच्या चोरीचा प्रसंग सर्वश्रुत आहे. भावाचें कर्ज फेडण्यासाठीं त्याच्याच हातांतील कड्याचें सोनें कापून घेतलें. मग मनाला चैन पडेना, म्हणून सर्व हकीकत चिठ्ठीवर लिहून ती आजारी वडिलांच्या हातीं दिली आणि शिक्षाही मागितली. करमचंद गांधींनीं ती वाचली. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू आले, आणि कांहीं न बोलतां त्यांनीं चिठ्ठी फाडून टाकली. मुलाच्या अपराधाला बापानें दिलेलें हें उत्तर त्या मुलाला जन्मभर पुरलें.

पण आत्मचरित्राची खरी कसोटी पुढें लागते, जेव्हां तोच मुलगा बाप होतो. आपल्या मुलांना आपण रीतसर शाळेचें शिक्षण दिलें नाहीं आणि त्याबद्दल त्यांची तक्रार आहे, हें गांधींनीं स्वतः लिहिलें आहे. वडील मुलगा हरिलाल याच्यांत जे दोष दिसतात ते आपल्याच पूर्वींच्या बेशिस्त आयुष्याचे पडसाद आहेत, असें आपलें मत त्यांनीं मांडलें. आणि तेथेंच न थांबतां, मुलाचें मत याच्या अगदीं उलट आहे, हेंही नमूद केलें. मुलाच्या मतें बापाचा तोच काळ चांगला होता, आणि पुढें झालेला बदल हाच भ्रम होता. हरिलालनें तोंपर्यंत वडिलांचें घर सोडलें होतें आणि १९१५ सालीं एका पत्रानें आपली कैफियत जाहीर मांडलीही होती. पिता-पुत्रांचें हें दुःख या पुस्तकानें मिटलें नाहीं. १९४८ च्या जानेवारींत गांधींचा वध झाला आणि त्याच वर्षीं जूनमध्यें हरिलालही गेला. तथापि ज्या पुस्तकानें बापाची बाजू जगभर नेली, त्याच पुस्तकांत मुलाच्या आक्षेपालाही जागा मिळाली. रूसोच्या मुलांना ती मिळाली नाहीं, आणि विल्यमच्या जन्माविषयीं तर फ्रँकलिननें शब्दही काढला नाहीं.

मराठी वाचकांना याहून जवळचें आणि पुष्कळ बाबतींत अधिक प्रसन्न असें उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें'. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळ जलालपूर येथें झाला. लग्न झालें तेव्हां त्यांचें वय अकरांच्या सुमारास होतें. पति नारायण वामन टिळक हे कवि, मनानें उदार, स्वभावानें तापट, आणि केव्हां कोठें निघून जातील याचा नेम नसलेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पांच-एक वर्षें पतीपासून वेगळ्या राहिल्या. पुढें त्या पतीकडे गेल्या तरी सोवळेंओवळें आणि निराळी चूल कांहीं काळ टिकलीच. १९०० सालीं त्यांनीं स्वतः धर्मांतर केलें. १९१९ सालीं टिळक वारले.

पित्याचें चरित्र लिहावें या हेतूनें मुलगा देवदत्त यानें आईला आठवणी लिहून काढण्याचा आग्रह केला. आईचें शालेय शिक्षण झालेलें नव्हतें. पतीनें शिकविलें तेवढेंच. आठवणी लिहितां लिहितां चरित्राच्या साधनाचें एक स्वतंत्र पुस्तक झालें, आणि १९३४ पासून तें भागाभागानें प्रसिद्ध होऊं लागलें. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई वारल्या.

या पुस्तकांत आईनें मुलाला काय सांगितलें, तें पाहण्यासारखें आहे. मातामहांना १८५७ च्या बंडाच्या धामधुमींत फांशी झाली, आणि त्या धक्क्यानें त्यांच्या जांवयाला, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांना, सोवळ्याचें वेड लागलें. त्या वेडापायीं सारें घर कसें पिचलें, तें त्यांनीं सांगितलें. पतीचा राग, त्यांचा संसाराविषयींचा बेहिशेबीपणा, त्यांचें न सांगतां निघून जाणें, हेंही सांगितलें. आणि या सर्वांच्या जोडीला स्वतःचा हट्ट, स्वतःचें अज्ञान, जातिभेदाचा स्वतःच्या मनांतला पगडा आणि एके दिवशीं विचार करतां करतां तो कसा गळून पडला, हेंही तितक्याच सरळपणें सांगितलें. पतीला दोष देतांना त्यांच्या शब्दांत विष नाहीं, आणि स्वतःला दोष देतांना त्यांत नाटक नाहीं. जेथें इतर लेखक रडले असते तेथें त्या हंसतात.

ज्या मुलाचें बालपण आईबापांच्या ताटातुटींत गेलें, त्यानेंच ही हकीकत मागावी, ती छापून घ्यावी, वडिलांच्या कीर्तीला बाध येईल म्हणून आईच्या लिहिण्यांतील धार बोथट करूं नये, यांत त्याचाही मोठेपणा आहे. ख्रिस्ती समाजांत टिळकांना मोठा मान होता. त्यांना निर्दोष पुरुष म्हणून मिरविणें मुलाला कठीण नव्हतें. तसें झालें असतें तर एक गौरवग्रंथ मिळाला असता आणि टिळक मात्र हरवले असते. प्रत्यक्षांत असें झालें कीं, 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्याला टिळकांचा राग कळतो आणि तरीही टिळक आवडूं लागतात.

एकाच घरांतील दोन लेखण्यांचें उदाहरण कर्वे कुटुंबानें दिलें आहे. धोंडो केशव कर्वे यांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालीं निघालें. परीक्षेसाठीं मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायीं केलेला प्रवास आणि वय लहान दिसतें म्हणून तेथून मिळालेला नकार, प्रथम पत्नीचा १८९१ सालीं झालेला मृत्यु, १८९३ सालीं विधवेशीं केलेला विवाह, त्यामुळें मुरुडकरांनीं घातलेला बहिष्कार, हें सर्व त्यांत शांतपणें आलें आहे. पुढें त्यांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, यांचें 'माझें पुराण' १९४४ सालीं प्रसिद्ध झालें. संस्थेला वाहून घेतलेल्या पुरुषाचा संसार पत्नीला कसा ओढावा लागतो, ती बाजू त्यांत आहे. अण्णांच्या त्यागाची थोरवी कमी होत नाहीं. पण त्या त्यागाची कांहीं किंमत घरांतील इतरांनींही भरली, हें कळतें. मुलांच्या हातीं हीं दोन्ही पुस्तकें असणें हें त्या घराचें भाग्य होय. एकट्या बापाच्या किंवा एकट्या आईच्या तोंडून ऐकलेलें पूर्ववृत्त कितीही प्रामाणिक असलें तरी अर्धेंच असतें.

या सर्व उदाहरणांवरून कांहीं गोष्टी हातीं लागतात. पहिली ही कीं, सांगणाऱ्यानें आपल्या वांट्याचा दोष आपल्याच पदरीं घ्यावा. मुलांपुढें कबुली म्हणून सुरू झालेलें पुष्कळसें बोलणें हळूहळू सासरच्या, भावाच्या किंवा परिस्थितीच्या तक्रारींत बुडून जातें. त्यांतून मूल सत्य शिकत नाहीं, वैर मात्र शिकतें. दुसरी गोष्ट, ज्या घटनेनें मुलाचें स्वतःचें आयुष्य घडलें, ती गाळून इतर शंभर चुका सांगणें हा खरेपणा नव्हे. तिसऱ्याची अब्रू राखावयाची असेल तर त्याचें नांव झांकावें. घटना झांकूं नये. तिसरी गोष्ट वेळेची. मूल लहान असतां त्याच्या खांद्यावर आईबापांच्या अपराधांचें ओझें ठेवणें क्रूरपणाचें आहे. पण तें मोठें झाल्यावर, त्यानें प्रश्न विचारावे आणि प्रसंगीं रागवावें इतकें आपलें आयुष्य शिल्लक असतांनाच तें सांगितलें पाहिजे. मृत्यूनंतर पेटींत सांपडलेल्या पत्राशीं मुलाला भांडतां येत नाहीं.

आईबापांना भीति वाटते ती आदर जाईल याची. ती अगदींच निराधार नाहीं. सत्य सांगूनही हरिलाल परतला नाहीं. परंतु या भीतीपुढें दुसरीही एक गोष्ट ठेवून पाहावी. ज्या घरांत आईबाप कधीं चुकलेच नाहींत असें मुलांना दिसतें, त्या घरांतलें मूल आपली पहिली चूक घेऊन कोणाकडे जाणार? पोरबंदर-राजकोटच्या त्या पंधरा वर्षांच्या मुलाला चिठ्ठी लिहिण्याचें धैर्य झालें, कारण बाप मारील ही धास्ती त्याला नव्हती. बापाला दुःख होईल ही होती. असा बाप ज्यांना लाभत नाहीं तीं मुलें चिठ्ठी लिहीत नाहींत. तीं चूक लपवावयास शिकतात, आणि पुढें स्वतः आईबाप झालीं म्हणजे तीच विद्या आपल्या मुलांना देतात.

सर्वांनाच आत्मचरित्र लिहितां येणार नाहीं, आणि लिहिण्याची गरजही नाहीं. जेवणानंतरच्या गप्पांत, जुना फोटो हातांत घेऊन, एखाद्या नापास झालेल्या परीक्षेची, मोडलेल्या शब्दाची, कोणावर केलेल्या अन्यायाची गोष्ट सांगणें कोणत्याही घरांत शक्य आहे. लक्ष्मीबाईंनीं आपल्या मुलासाठीं जें केलें तें मूळांत इतकेंच होतें. ज्या घरांतील वृद्ध अजून बोलते आहेत, तेथें मुलांनीं विचारावें आणि वृद्धांनीं सांगावें. दोघांनाही त्याला फार वेळ मिळतो असें नाहीं.